पिचर सामना हातात आणून देतात आणि हिटर तो घालवतात: नेमके बिघडते कुठे?

सातपूरचा_कोच

नमस्कार. नाशिकमध्ये क्रिकेटवर बोलायला चहाच्या टपरीवर कोणीही भेटतो, बेसबॉलवर बोलायला मात्र माणूस शोधावा लागतो, म्हणून हा प्रश्न येथे मांडत आहे. थोडा लांबणार आहे, तेवढे सांभाळून घ्यावे.

मी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो आणि शनिवार-रविवार सोळा ते वीस वर्षांच्या मुलांचा एक बेसबॉल संघ सांभाळतो. आमच्याकडे तीन पिचर (चेंडू टाकणारे) आहेत आणि ते तिघेही, प्रशिक्षक म्हणून नव्हे तर त्रयस्थ म्हणूनही सांगेन, कोणत्याही संघाला हेवा वाटावा असे आहेत. यंदा आम्ही आठ सामने खेळलो, त्यांपैकी एकाही सामन्यात आम्ही चारपेक्षा अधिक धावा दिल्या नाहीत, आणि तरीही पाच सामने हरलो. आठ सामन्यांत मिळून दिलेल्या धावा १९ आणि केलेल्या धावा १७, असा आमचा सगळा हिशेब आहे.

शेवटच्या सामन्याचे एकच दृश्य सांगतो. सात इनिंगचा सामना होता (एका इनिंगमध्ये दोन्ही संघ एकेकदा, तीन आउट होईपर्यंत बॅटिंग करतात), जानेवारीतील सकाळ होती आणि गवतावरचे दव अजून वाळायचे होते. आडगावहून येणाऱ्या आमच्या डावखुऱ्या पिचरने संपूर्ण सामन्यात दोन हिट (बॅटिंग करणाऱ्याला सुखरूप बेसवर पोहोचवणारे फटके) दिल्या. विरुद्ध संघाची एकमेव धाव एका वॉकमधून (पिचरने चार चेंडू चौकटीबाहेर टाकल्याने फुकट मिळालेल्या पहिल्या बेसमधून) झाली: रनरने दुसरा बेस चोरला, आमच्या कॅचरचा थ्रो सेंटरफिल्डात गेला, रनर तिसऱ्यावर पोहोचला आणि पुढच्या साध्या ग्राउंडरवर (जमिनीलगतच्या फटक्यावर) घरी आला. सातव्या इनिंगमध्ये आमचाही रनर तिसऱ्या बेसवर होता आणि एकच आउट झाला होता, म्हणजे एखादा उंच फ्लाय लांब झेलला गेला असता तरी त्यावर रनर घरी येऊन बरोबरी होती. आमच्या हिटरने गळ्याइतक्या उंच आलेला चेंडू ओढला आणि पहिल्या बेसवर सोपा झेल दिला. त्याच्यानंतरच्या मुलाने तिसरा स्ट्राइक, म्हणजे मारण्याजोगा आलेला चेंडू, नुसता पाहिला आणि तो बाद झाला. आमचा पिचर तेव्हा बाकावर, डाव्या खांद्यावर जॅकेट टाकून, कडुनिंबाच्या काडीने बुटांच्या खिळ्यांतील माती काढत बसला होता. पंचाने तिसरा स्ट्राइक पुकारला तेव्हा त्याने मान वरही केली नाही. सामना हरल्यापेक्षा मला ते अधिक लागले.

हाच प्रकार मी मोठ्या पडद्यावरही पाहिला आहे. माझा भाचा सिएटलला नोकरी करतो, त्याच्यामुळे मला मरिनर्स संघाचा नाद लागला. तिकडचा संध्याकाळी ६:४० चा सामना आपल्याकडे उन्हाळ्यात सकाळी ७:१० ला सुरू होतो, त्यामुळे कंपनीची बस येईपर्यंत दोन-तीन इनिंग पाहून होतात. २०२४ साली लोगन गिल्बर्ट, जॉर्ज कर्बी, लुईस कॅस्टिलो, ब्राइस मिलर आणि ब्रायन वू असे पाच स्टार्टर (सामन्याची सुरुवात करणारे पिचर) त्यांच्याकडे होते, आणि त्या वर्षी त्यांच्याइतकी चांगली स्टार्टिंग पिचिंग दुसऱ्या कोणाकडे नव्हती. जूनच्या मध्याला आपल्या विभागात ते दहा सामन्यांनी पुढे होते. पुढे महिनाभरात ती आघाडी विरघळली, ऑगस्टमध्ये व्यवस्थापक स्कॉट सर्व्हिस यांना जावे लागले, आणि ८५ विजय व ७७ पराभवांवर थांबलेला हा संघ एका सामन्याने प्लेऑफला मुकला. संघाची बॅटिंग सरासरी .२२४ (हजारामागे २२४ हिट) होती आणि हिटर १,६०० हून अधिक वेळा स्ट्राइक आउट झाले होते.

माझा प्रश्न असा आहे की, पिचिंग इतकी भक्कम असताना हिटर एकाच वेळी, सगळेच्या सगळे कसे झोपतात? हे नशीब म्हणून सोडून द्यावे, की यामागे काही शोधण्यासारखे कारण असते? आणि आमच्यासारख्या चार बॅट आणि दोन डझन चेंडूंच्या संघाने कोठून सुरुवात करावी?

जुना_स्कोअरर

कोच साहेब, आपला प्रश्न वाचून जुने दुखणे उमळले. मी देवळाली कॅम्पचा. सॉफ्टबॉल आणि बेसबॉलच्या सामन्यांत स्कोअररच्या टेबलावर माझी बरीच वर्षे गेली आणि ०-१ हा आकडा मी जितक्या वेळा लिहिला तितका दुसरा कोणताही लिहिला नसेल.

आपण सिएटलचे नाव काढलेच आहे, तर फेलिक्स हर्नांडेझपासून सुरुवात करतो. २०१० साली त्याने सिएटलसाठी २४९ हून अधिक इनिंग टाकल्या आणि २.२७ चा ईआरए राखला, म्हणजे नऊ इनिंगमागे सव्वादोन धावा दिल्या. बेसबॉलमध्ये सामन्याचा जय-पराजय पिचरच्या नावावरही लिहितात; वर्षअखेर त्याच्या नावावर १३ विजय आणि १२ पराभव लागले. कारण सरळ होते: त्याच्या संघाने १६२ सामन्यांत मिळून ५१३ धावा केल्या होत्या, आणि अमेरिकन लीगमध्ये १९७३ साली पिचरऐवजी दुसऱ्या खेळाडूने बॅटिंग करण्याची सोय आल्यापासून तोवर पूर्ण हंगामात इतक्या कमी धावा कोणत्याच संघाने केल्या नव्हत्या. संघ १०१ सामने हरला. सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मात्र हर्नांडेझलाच मिळाला, आणि मतदारांनी विजयांच्या रकान्यापलीकडे पाहिले याचा मला स्कोअरर म्हणून आजही आनंद वाटतो. १९८७ साली नोलन रायनचेही असेच झाले होते. नॅशनल लीगमधील सर्वांत कमी ईआरए त्याचा, सर्वाधिक २७० स्ट्राइक आउट त्याचे, आणि हिशेब ८ विजय व १६ पराभव असा.

सगळ्यात कठीण कहाणी हार्वी हॅडिक्सची आहे. २६ मे १९५९ रोजी मिलवॉकी येथे पिट्सबर्गच्या या डावखुऱ्या पिचरने बारा इनिंगमध्ये छत्तीस हिटर ओळीने बाद केले, एकालाही पहिल्या बेसवर पाऊल ठेवू दिले नाही. त्याच्या संघाने त्या सामन्यात बारा हिट मारल्या आणि एकही धाव केली नाही. तेराव्या इनिंगमध्ये तिसऱ्या बेसवरच्या सहकाऱ्याची चूक झाली, मग एक बंट (बॅट आडवी धरून चेंडू जवळच पाडणे; यात हिटर बहुधा बाद होतो, पण रनर पुढे सरकतो), एक मुद्दाम दिलेला वॉक, आणि जो ॲडकॉकच्या फटक्यावर सामना १-० असा गेला. आपल्या आडगावच्या मुलाला ही गोष्ट अवश्य सांगा. हॅडिक्सपुढे आपले दुःख लहान आहे एवढे तरी त्याला कळेल.

आता मुद्द्याचे. धावा होत नाहीत हे पिचरला कळले की तो बदलतो, असे माझे टेबलावरून पाहून बनलेले मत आहे. एक धाव दिली तर सामना गेला, ही भीती मनात बसली की तो प्लेटच्या (हिटरसमोरच्या पाटीच्या) मध्याच्या जवळपासही फिरकत नाही, कडा शोधत बसतो, कडा हुकल्या की वॉक होतात आणि वॉकमधून नेमकी ती एक धाव जाते. आपल्या सामन्यात गेलेली धाव वॉकमधूनच गेली, हे आपणच लिहिले आहे. हिटरचीही तीच गत होते. प्रत्येक जण एका फटक्यात सगळे देणे फेडायला जातो. म्हणून माझा सल्ला असा की, पहिल्या इनिंगपासून बंट करा, रनर पुढे सरकवा, एक धाव लवकर खिशात टाका. पिचर आणि हिटर दोघांचेही खांदे खाली येतील.

अंबड_क्वालिटी

मी अंबडच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणी विभागात आहे, त्यामुळे माझे उत्तर थोडे रुक्ष वाटेल. स्कोअरर काकांच्या अनुभवाचा मान राखून दोन ठिकाणी मी असहमत आहे.

पहिले म्हणजे, धावा न मिळाल्याने पिचर बिघडतो हे मुलांच्या बाबतीत खरे असेलही, पण नियम म्हणून ते टिकत नाही. २०१८ साली न्यूयॉर्क मेट्सच्या जेकब डीग्रॉमने ३२ सामन्यांत १.७० चा ईआरए राखला आणि त्याच्या नावावर केवळ १० विजय लागले. संघ त्याला आठवड्यामागून आठवडे कोरडा ठेवत होता, तरी वर्षभर त्याच्या पिचिंगवर ओरखडा उमटला नाही. बिघडली होती ती फक्त विजयांची नोंद, कारण स्टार्टरला विजय मिळायचा तर त्याने किमान पाच इनिंग टाकायला हव्यात, तो उतरेल तेव्हा संघ पुढे असायला हवा आणि ती आघाडी नंतरही टिकायला हवी. यातल्या शेवटच्या दोन गोष्टी त्याच्या हातात नसतात.

दुसरे, आणि हे अधिक महत्त्वाचे आहे. "सगळे हिटर झोपले" असे म्हणण्याआधी आपण किती नग तपासले, हे पाहायला हवे. आठ सामन्यांत एका मुलाच्या वाट्याला फार तर पंचवीस वेळा बॅटिंग आली असेल. पंचवीसपैकी सात हिट झाल्या तर सरासरी .२८० दिसते आणि आपण त्याला खंदा हिटर म्हणतो. पाच झाल्या तर ती .२०० दिसते आणि त्याला आपण खालच्या क्रमांकावर ढकलतो. फरक फक्त दोन चेंडूंचा आहे, आणि ते दोन चेंडू शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या खेळाडूच्या) हातात गेले की त्याच्या डावीकडून एक हात लांबून निसटले यावर तो ठरला आहे. अमेरिकेतील मोठ्या लीगमध्येही बॅटला लागून मैदानात पडलेल्या चेंडूंपैकी साधारण तीस टक्केच हिट ठरतात, बाकीचे कोणाच्या तरी हातात जातात. आमच्याकडे लॉटमधून पाच नग उचलून तो नापास करणाऱ्याला साहेब दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये बोलावतात.

म्हणून हिट मोजू नका, चेंडू कसा लागला ते मोजा. स्कोअरबुकात प्रत्येक बॅटिंगपुढे तीनच खुणा करा: चेंडू कडक लागला, पोचट लागला की लागलाच नाही. कडक लागलेले चेंडू पुष्कळ असतील आणि तरी हिट कमी असतील, तर काही करू नका, वाट पाहा. चेंडू लागतच नसेल तर ते नशीब नव्हे, दोष आहे.

एकूण हिशेबाविषयी सांगायचे तर, आपला निकाल आपल्या धावांना साजेसाच आहे. बेसबॉलच्या आकडेवारीचे अभ्यासक बिल जेम्स यांचे एक साधे सूत्र आहे: केलेल्या धावांचा वर्ग घ्यावा आणि त्याला केलेल्या व दिलेल्या धावांच्या वर्गांच्या बेरजेने भागावे. १७ आणि १९ घातले की आठ सामन्यांत साडेतीन विजय येतात. आपले तीन आहेत. आता प्रत्येक सामन्यात फक्त एक धाव अधिक केली असे समजा, म्हणजे १७ च्या जागी २५. त्याच पिचिंगवर विजय पाच होतात. आपल्याला होम रन मारणारा राक्षस नको आहे, सामन्यामागे एक धाव हवी आहे.

सिएटलबाबत एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्यांच्या मैदानावर समुद्राची थंड हवा असते आणि तेथे धावा मुळातच कमी होतात, त्यामुळे पिचर आहेत त्याहून थोडे चांगले आणि हिटर आहेत त्याहून थोडे वाईट दिसतात. पण १,६०० स्ट्राइक आउट हवेमुळे होत नाहीत. पुढच्या वर्षी, २०२५ साली, दुखापतींमुळे त्यांची पिचिंग २०२४ इतकी भक्कम राहिली नाही. कॅल रॅलीने मात्र ६० होम रन मारले, जुलैमध्ये जॉश नेलर आणि युजेनियो सुआरेझ संघात आले, आणि सिएटलने २००१ नंतर प्रथमच आपला विभाग जिंकून लीगच्या अंतिम मालिकेतील सातव्या सामन्यापर्यंत मजल मारली. (नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे, तेव्हा येथे चेंडू जरा लांब जायला हवा, असे आमच्याकडचे एक मित्र म्हणतात. त्यासाठी चेंडू आधी हवेत जावा लागतो.)

सातपूरचा_कोच

दोघांचेही आभार. काल रात्री जेवण झाल्यावर स्कोअरबुक घेऊन बसलो आणि अंबडकरांनी सांगितल्याप्रमाणे खुणा केल्या. बारीक तपशील आमचा स्कोअरर मुलगा लिहून ठेवतो, त्यामुळे शेवटच्या पाच सामन्यांचे चित्र स्पष्ट मिळाले. नशिबाचा आधार आता उरला नाही. कडक लागलेले चेंडू मोजके आहेत आणि स्ट्राइक आउट ढीगभर. त्याहून विचित्र गोष्ट अशी दिसली की, आमची मुले पहिला चेंडू जवळजवळ मारतच नाहीत. तो मधोमध आलेला स्ट्राइक असला तरी सोडून देतात.

याचे कारण मला पान उलटता उलटता सुचले. ही सगळी मुले टेनिस बॉल क्रिकेटमधून आली आहेत आणि त्यांना लहानपणापासून एकच शिकवण मिळाली आहे: आधी नजर बसू दे, मग मार. क्रिकेटमध्ये सोडलेल्या चेंडूची काही किंमत नसते. येथे सोडलेला स्ट्राइक म्हणजे तीनपैकी एक जीव गेला, आणि त्यानंतर पिचर त्याला हवे तेथे टाकायला मोकळा होतो. नजर बसेपर्यंत आमचा हिटर दोन स्ट्राइकवर उभा असतो आणि मग जिवाच्या आकांताने गळ्याजवळचा चेंडूही ओढतो.

दुसरी अडचण मी आधी लिहिली नव्हती. आमचे तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकाचे हिटर दिंडोरी आणि निफाडकडचे आहेत. ऑक्टोबर छाटणी झाली की डिपिंग, विरळणी आणि पुढे तोडणीपर्यंत त्यांना द्राक्षबागेतून सवड मिळत नाही. सामन्याला कसेबसे येतात, सरावाला नाही. त्यांना काय बोलणार? वर्षाचे घर त्या बागेवर चालते.

पंचवटीची_शॉर्टस्टॉप

सर, मी अनेक वर्षे सॉफ्टबॉल खेळले आणि आता शाळेतील मुलींना शिकवते. वरची चर्चा अभ्यासपूर्ण आहे, परंतु एक साधा प्रश्न कोणीच विचारला नाही, तो मी विचारते. आपल्या संघातील एक मुलगा आठवड्याला किती चेंडू मारतो? आणि आपला आडगावचा पिचर आठवड्याला किती चेंडू टाकतो?

उत्तर मला जवळपास ठाऊक आहे, कारण माझ्याकडेही तेच होते. दोन तासांचा सराव असतो, अठरा मुले असतात, टाकणारा एक असतो. वॉर्म-अप, फिल्डिंग आणि थ्रोइंग झाल्यावर बॅटिंगला पाऊण तास उरतो. चेंडू दोन डझन. ते मारून झाले की सगळ्यांनी मैदानभर फिरून ते गोळा करायचे, एखादा गाजरगवतात हरवला तर आणखी पाच मिनिटे जातात. एका मुलाच्या वाट्याला दहा-बारा चेंडू आले तर नशीब. पिचरला मात्र कोणाचीच गरज नसते. भिंतीवर खडूने चौकोन काढला की तो एकटा, रोज, घराच्या मागे घडत राहतो. आपली पिचिंग भक्कम आणि हिटिंग दुबळी आहे हा योगायोग नाही, सर. आपल्या सरावाच्या पद्धतीतून हेच निघणार होते. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

क्रिकेटच्या सवयीचे आपले निरीक्षण अगदी बरोबर आहे, त्यात मी एक भर घालते. क्रिकेटमध्ये चपटी बॅट चेंडूपुढे नुसती धरली तरी चेंडू कोठेतरी जातो, आणि मागे गेला तरी धाव मिळते. येथे बॅट गोल आहे आणि दोन फाउल रेषांमधला कोन नव्वद अंशांचा आहे. हे अंगात मुरायला चेंडूच हवेत, शेकड्यांनी हवेत, भाषणाने ते येत नाही.

खर्च न करता काय करता येईल ते सांगते. पिचर साडेअठरा मीटरवरून टाकतो. ताशी शंभर किलोमीटरचा त्याचा चेंडू हिटरपर्यंत पोहोचायला साधारण ०.६ सेकंद घेतो. (मोठ्या लीगमध्ये हा वेळ ०.४ सेकंदाच्या आसपास असतो, म्हणून त्यांचे हिटरही हतबल दिसतात.) आपण जाळीच्या आडोशाने नऊ मीटरवरून पंचावन्न किलोमीटरच्या वेगाने चेंडू टाकला, तरी हिटरला निर्णयासाठी तेवढाच वेळ मिळतो. त्यासाठी दमदार हाताची गरज नाही, मीही टाकू शकते. चार मुलांचे गट करा, एक टाकेल, एक मारेल, दोघे गोळा करतील, म्हणजे एकाच वेळी चार जाळ्यांवर काम चालेल.

त्याहून स्वस्त उपाय डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये आहे. मोठ्या लीगला इतके हिटर पुरवणाऱ्या त्या देशात गल्लीतील मुले पाण्याच्या मोठ्या जारचे प्लास्टिकचे झाकण चेंडू म्हणून वापरतात आणि झाडूच्या दांड्याने मारतात. त्या खेळाला ते विटिया म्हणतात. आपल्या विटीची आठवण व्हावी असे नाव आहे. झाकण हवेत असे काही वळते की, ज्याला ते बारीक दांड्याने लागते त्याला चेंडू मोठा वाटू लागतो. वीस लिटरचे जार नाशिकमध्ये कोणत्या कार्यालयात नाहीत? दिंडोरी-निफाडच्या मुलांच्या हातात एक दांडा आणि पिशवीभर झाकणे द्या. बागेच्या बांधावर धाकट्या भावाने टाकली तरी चालतील.

आणि एक गोष्ट काळजीपोटी विचारते. त्या १-० च्या सामन्यात आपल्या डावखुऱ्याने एकूण किती पिच टाकल्या?

सातपूरचा_कोच

ताई, ११२. आपण विचारल्यावर मोजल्या आणि मान खाली गेली. धाव होईल, आता होईल, म्हणून मी त्याला काढलेच नाही.

पंचवटीची_शॉर्टस्टॉप

हिटर चालत नसले की याची किंमत पिचरचे कोपर देते, म्हणून विचारले. अमेरिकेत सतरा-अठरा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला १०५ पिचची मर्यादा सुचवलेली आहे आणि ८० च्या वर गेल्यास चार दिवस विश्रांती. पुढच्या वेळी आकडा स्कोअररकडून मोठ्याने पुकारून घ्या. धावफलक काय म्हणतो याचा त्या आकड्याशी संबंध ठेवू नका.

जुना_स्कोअरर

ताईंचा मुद्दा मान्य. पिच मोजण्याचे काम आमच्यासारख्यांचेच आहे आणि आम्हीही ते दर सामन्यात करत नाही. बंटविषयी मात्र अंबडकर काही बोलले नाहीत, ते जाणून घ्यायला आवडेल.

अंबड_क्वालिटी

काका, मुद्दाम टाळले होते. सात इनिंगच्या सामन्यात आपल्याकडे एकवीस आउट असतात आणि पहिल्या इनिंगमध्ये त्यांतला एक स्वहस्ते देणे मला परवडत नाही. पहिल्या बेसवर रनर आणि एकही आउट नाही, या स्थितीतून सरासरीने जितक्या धावा होतात, त्यापेक्षा दुसऱ्या बेसवर रनर आणि एक आउट या स्थितीतून कमी होतात. मोठ्या लीगच्या नोंदींतून हे पुन्हा पुन्हा दिसले आहे. शेवटच्या इनिंगमध्ये, एकच धाव हवी असताना, रनर तिसऱ्यावर असेल तर गोष्ट वेगळी. तेथे मीही बंट करवला असता.

पंचवटीची_शॉर्टस्टॉप

मोठ्या लीगमध्ये तिसऱ्या बेसवरचा खेळाडू पुढे धावत येऊन उघड्या हाताने चेंडू उचलतो आणि पळता पळता पहिल्या बेसवर अचूक फेकतो. आपल्याकडे तो चेंडू निम्म्या वेळा कुंपणाकडे जातो. त्यामुळे आपल्या स्तरावर बंट हा त्याग नसून चक्क हिट मारण्याचा मार्ग आहे, फक्त तो रनर पुढे सरकवण्यासाठी नव्हे तर स्वतः पहिल्या बेसवर पोहोचण्यासाठी करावा. पळायला चपळ असलेल्या दोन मुलांना शिकवा, सगळ्यांना नको.

सातपूरचा_कोच

तीन आठवड्यांनी परत लिहीत आहे, कारण सुरुवात मीच केली होती.

कंपनीच्या कँटीनमधून आणि आमच्या गल्लीत जार टाकणाऱ्याकडून सत्तरएक झाकणे जमवली. पहिल्या शनिवारी मुले हसली. मोडलेल्या पोछ्याचा दांडा आणि निळी झाकणे पाहून एकाने विचारले की सर, बॅट विकल्या का? मग आडगावचा डावखुरा टाकायला उभा राहिला. झाकण बोटांत तिरके धरून त्याने मनगटाने सोडले आणि ते हिटरच्या छातीकडे जाता जाता गुडघ्याखाली गेले. पहिल्या चाळीस झाकणांत तिघांच्याच दांड्याला काहीतरी लागले. दुसऱ्या आठवड्यात आवाज ऐकू येऊ लागला. झाकण नीट लागले की टप् असा कोरडा आवाज होतो, आणि तो आवाज आला की आता सगळे ओरडतात. निफाडच्या मुलाने घरी रोज संध्याकाळी पिशवी रिकामी केल्याचे सांगितले. टाकायला त्याची आजी होती, हे त्याने नंतर हळूच कबूल केले.

सरावात एक नियम केला आहे: पहिला चेंडू मधोमध आला आणि मारला नाही, तर तो मुलगा रांगेच्या शेवटी जातो. यावर कुरकुर पुष्कळ आहे. चार जाळ्या मिळाल्या नाहीत, दोन मिळाल्या; एक कांद्याच्या चाळीवरची जुनी आहे. तरीही प्रत्येकाला सरावात साठ-सत्तर चेंडू मिळतात.

मध्ये एक सराव सामना झाला. आम्ही तीन धावा केल्या आणि चार दिल्या, म्हणजे हरलोच. डावखुऱ्याला ७८ पिचवर काढले, तो रागावला, आणि त्याच्यानंतर आलेल्या मुलाने चौथी धाव दिली. स्कोअरबुकात कडक लागलेल्या चेंडूंच्या खुणा मात्र नऊ आहेत. गेल्या पाच सामन्यांपैकी एकाही सामन्यात त्या चारच्या वर नव्हत्या. अंबडकर म्हणतील की एका सामन्यावरून लॉट पास करू नका, तर नाही करत.

पुढचा सामना येत्या रविवारी आहे. सध्या एकच नवी अडचण उभी राहिली आहे. जारवाला झाकणे परत मागतो आहे, आणि त्यांतली निम्मी शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर आहेत.